अकरा मायक्रॉन

मंगळवार, चौदा तारीख
वर्कशॉप, सकाळी सव्वानऊ

चि. मोजपट्टीस,

मामाचे आशीर्वाद. मामीने वेगळे आशीर्वाद पाठवलेले नाहीत, कारण तिचा फोन तू उचलतेस. माझा उचलत नाहीस, म्हणून हा कागद. आम्ही इकडे ठीक आहोत. गुडघा कुरकुरतो, पण लेथसमोर उभा राहिलो की गप्प बसतो.

आज कपाट आवरता आवरता मोजदाद केली. या वर्कशॉपात आणि वरच्या प्रयोगशाळेत मिळून मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू अशा: फ्लास्क कोमट पाण्यात तिरका धरून फिरवत ठेवणारं यंत्र एक, त्याची मोटर जुन्या शिलाई मशीनची, बाकी खिळ्यापासून सगळं माझं. नळ्या हलवणारे पाळणे चार. निर्वात पंपाच्या झडपा नऊ. लेझरच्या मोजणीयंत्राच्या झाकणाची बिजागरी, जी कंपनीच्या बिजागरीपेक्षा सहा वर्षं जास्त टिकली आहे. उंदरांच्या पिंजऱ्यांच्या कड्या बावन्न, त्यांतली एकही आजवर उंदराला उघडता आलेली नाही. प्रयोगशाळेच्या मुख्य बाईंच्या खुर्चीचा डावा मागचा पाय. तुझं स्टूल, कारण टेबल तुला दोन बोटं उंच पडत होतं. आणि ठोकळे दोन.

यांतलं एकही काम मला कोणी शिकवलेलं नाही. दहावीनंतर शाळेचा उंबरा ओलांडला नाही. जे आलं ते यंत्रांच्या खोक्यांत येणारी माहितीपुस्तकं वाचून, आणि बिघडलेलं खोलून. हे तुला पाठ आहे, पण पाठ असलेलंही माणसाने अधूनमधून म्हणून बघावं.

परवा मामीने विचारलं, "तो ठोकळा ठोकळा करता, तो करतो तरी काय?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं ते तुला लिहितो. चुकलं असेल तर दुरुस्त कर, तुझं शिक्षण आहे त्यातलं.

मी म्हटलं, औषध जहाल आहे. मोकळं सोडलं तर कर्करोगाच्या गाठीपर्यंत पोचायच्या आधी हृदयालाच धरतं. म्हणून ते अतिसूक्ष्म कणांवर चढवायचं, ज्यांना वरची मंडळी नॅनोकण म्हणतात. पण नुसता कण शरीरात गेला की शरीर ओळखतं, हा आपल्यातला नव्हे, आणि पकडून बाजूला टाकतं. तेव्हा कणाला लिपिडचा, म्हणजे एका स्निग्ध पदार्थाचा, पापुद्रा पांघरायचा. आपल्या प्रत्येक पेशीला तसलाच पापुद्रा असतो. शरीर बघतं आणि म्हणतं, हा घरचाच, जाऊ दे.

मामी म्हणाली, "म्हणजे वेषांतर."

"तेच. फ्लास्कच्या आतल्या भिंतीवर लिपिडचा थर सुकवायचा. कणांचं कोमट पाणी घालून हलवलं की थर सुटतो आणि आपोआप गोळे होतात, कण पोटात घेऊन. पण गोळे लहानमोठे होतात. मोठे गोळे यकृत वाटेतच अडवतं. सगळे एका मापाचे हवेत. तिथे माझा ठोकळा. मध्ये स्टीलचा ठोकळा, ठोकळ्याच्या पोटात प्लास्टिकचा पडदा, पडद्याला न दिसणारी भोकं, दोन्ही बाजूंना एकेक सिरिंज. या सिरिंजमधून त्या सिरिंजमध्ये दाबायचं, तिकडून परत इकडे. एकवीस वेळा."

"वीस का नाही?"

"वीस केलं तर माल निघाला तिथेच परत येतो, न गाळलेला जो थोडा मागे राहिला त्याच्यात. एकवीस केलं की पलीकडे मुक्काम."

"चाळणीच की मग."

"चाळणीत मोठं वर राहतं. इथे मोठा गोळा अंग चोरून भोकातून जातो आणि जाताना लहान होतो."

त्यावर मामी म्हणाली, "असं अंग चोरणं तुम्हाला जन्मात जमलं नसतं," आणि दिवा बंद करून झोपली.

असो. बातम्या. लांब्याने तुझं टेबल घेतलं आहे, पण खणाला हात लावलेला नाही. मी लावू दिला नाही. त्याचे गुडघे टेबलाखाली मावत नाहीत, त्यामुळे तो बाजूला बसून तिरका काम करतो आणि दुपारपर्यंत मानेला हात लावून फिरतो. बाईंचा चष्मा बदलला. आता त्या माणसाकडे आधी वरून बघतात आणि मग खालून.

तुझी जागा अजून रिकामी आहे. तीस तारखेला यादी बंद होते. तोवर तू सही केलीस तर जिथे सोडलंस तिथून सुरू करता येईल, नाहीतर जागा दुसऱ्या विभागाकडे जाते आणि मग बाईंच्याही हातात काही राहत नाही. हे त्यांनी मला जिन्यात सांगितलं, तुला कळवा असं न म्हणता. त्याचा अर्थ मी तुला कळवा असा घेतला.

ठोकळ्यात किरकोळ सुधारणा केली आहे. आता चांगला चालतो.

रंगाच्या कारखान्यातलं काम कसं आहे? ताई सांगत होती, तू दिवसभर रंगाच्या पट्ट्या जुळवतेस आणि साहेब खूश आहे. तो खूश असणारच. चौथीत असताना तू माझी पट्टी पळवून घरातल्या सगळ्यांचे कान मोजले होतेस आणि आजोबांचा डावा कान उजव्यापेक्षा तीन मिलिमीटर लांब आहे हे जेवताना जाहीर केलं होतंस. अशा माणसाला कोणीही नोकरी देईल. पण रंग जुळवायला तू लागतेसच असं नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

त्या दिवशी बैठकीत मी जे बोललो ते बोललो. मोठ्या माणसांच्या तोंडून एखादा शब्द जातो. इतके महिने धरून ठेवायचा नसतो.

उत्तर पाठव.

तुझा मामा


बुधवार, बावीस तारीख
वर्कशॉप, दुपारी. दाराला आतून कडी

चि. मोजपट्टीस,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. सात ओळी. मी मोजल्या, तूही मोजूनच लिहिल्या असशील. त्या इथे उतरवतो, कारण याच कागदावर त्यांना उत्तर द्यायचं आहे.

"मामा, कड्या बावन्न, झडपा नऊ, पाळणे चार. सगळं मोजून लिहिलंस. आणि मग लिहितोस, ठोकळ्यात किरकोळ सुधारणा. किरकोळ हा शब्द मी तुझ्या तोंडून कधी ऐकलेला नाही. किती मायक्रॉन? ते कळवलंस तर तीस तारखेचं बघेन. आईने तुझ्यासाठी स्वेटर विणलाय, तो माझ्याकडे पडून आहे."

अकरा.

आता नीट लिहितो. मध्ये कोणी दार वाजवलं तरी उघडणार नाही.

पहिला ठोकळा मी सात वर्षांपूर्वी केला. त्याच्यावर माझी खूण आहे, तीन टिंबांचा त्रिकोण, बाहेरच्या बाजूला, खाली. मी केलेल्या प्रत्येक वस्तूवर ती आहे. तुझ्या स्टुलाच्या पाटाखाली बघ म्हटलं असतं, पण तू इथे नाहीस. मग वरून फर्मान आलं की उपकरणांवर संस्थेच्या क्रमांकाची चिकटपट्टी सोडून दुसरं काही नको, खाजगी खुणा तर नकोतच. पत्रकावर सही होती ती कानस कोणत्या बाजूने धरतात हे ठाऊक नसलेल्या माणसाची. मी पत्रक वाचलं, घडी केली आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली.

तू प्रयोगशाळेत आलीस तेव्हा मी दुसरा ठोकळा तुझ्यासाठी करायला घेतला. भाचीला जुना, दुसऱ्यांच्या हातांनी घासलेला ठोकळा द्यायचा नाही म्हणून. दोन महिने लागले. इतकं चांगलं काम मी आधी केलेलं नव्हतं. जोड इतका बेमालूम की दोन भाग एकमेकांवर ठेवले की नखाला फट लागत नव्हती. गुरुवारी दुपारी लांब्याला समोर बसवून मी तो तपासला. पाच पडदे, पाच चाचण्या, पाचही वेळा एकच शिखर. तुला माहीत आहे, गोळे एका मापाचे असले की लेझरच्या यंत्रावर एकच टोकदार डोंगर येतो, मिसळ असली की दोन. पाचही वेळा एकच. तपासणीच्या कागदावर मी सही केली.

त्यानंतर तो तुला शुक्रवारी द्यायचा होता. मध्ये एक संध्याकाळ होती. मी एकटाच होतो. एवढं काम केलं आणि त्यावर आपलं काहीच नाही, हे मला सहन होईना. बाहेर खूण करता येत नव्हती. म्हणून मी ठोकळा उघडला, आतली चकती काढली, ज्या चकतीवर पडदा टेकतो तीच, आणि तिच्या तोंडावर, कडेला, बारीक पंचने तीन टिंबं मारली. वरून घासली. बोट फिरवून पाहिलं, गुळगुळीत लागलं. ठोकळा बंद केला. कोणाला कधी दिसणार नाही, पण तिथे आहे, एवढं मला पुरे होतं.

पुन्हा तपासला नाही. तपासणीचा कागद सही होऊन तयार होता.

तुला पहिल्या दिवशी मी काय शिकवलं होतं? तपासून झालेल्या वस्तूला हात लावायचा नाही, लावला तर ती न तपासलेली झाली. हे वाक्य मी लांब्याला ऐकवतो, बाईंना ऐकवतो, मामीलासुद्धा ऐकवलं आहे, आणि ती म्हणाली होती की मग कुकरचं झाकणही तुम्हीच लावत जा.

पंच मारला की टिंबाभोवतीचं स्टील किंचित वर उचललं जातं. बोटाला कळत नाही. काटा लावून मोजलं तेव्हा कळलं: अकरा मायक्रॉन. तुझ्या केसाचा सहावा हिस्सा. पण पडद्याची स्वतःची जाडीच दहाची. तू सिरिंज दाबलीस की पडदा त्या तीन उंचवट्यांवर ताणला जायचा आणि तिथे बारीक चिरायचा. चिरेतून मोठे गोळे न दबता पलीकडे. म्हणून तुझे दोन डोंगर. दर वेळी दोन डोंगर. चार महिने.

तू दुसऱ्याच आठवड्यात मला म्हणाली होतीस, "मामा, पडदा कुठेतरी फाटतोय." मी म्हटलं, चिमटा नीट धर. तू चिमटा बदललास. मग म्हणालीस, "मामा, तापमान?" मी म्हटलं, ठोकळा तापमान धरतो, तू दाबताना घाई करतेस. तू सावकाश दाबायला लागलीस, इतकं सावकाश की एकवीस वेळा व्हायला अर्धा तास लागायचा. मी काचेतून बघायचो. तुझ्या अंगठ्याला घट्टा पडला होता. एकदाही मनात आलं नाही की ठोकळा उघडून बघावा. आलं नाही हे पूर्ण खरं नाही. आलं होतं, पण कागदावर सही होती.

मग बैठक झाली. बाईंनी विचारलं, दोष कुठे आहे. तू खाली बघत होतीस. मी म्हटलं, "ठोकळा तपासलेला आहे. पोरीचा हात जड आहे." सगळ्यांसमोर म्हटलं. दुसऱ्या दिवशी तू चावी टेबलावर ठेवून गेलीस.

तुझा हात जड नाही. हे मला आता कसं कळलं ते ऐक, कारण ते तुझ्यामुळेच कळलं.

तीन-साडेतीन आठवड्यांपूर्वी लांब्याला चिमटा हवा होता म्हणून मी तुझा खण उघडला. तिथे लिफाफ्यांची चवड होती. प्रत्येक लिफाफ्यात एक वापरलेला पडदा, वर तारीख, फेऱ्या, तापमान, आलेलं माप. त्रेसष्ट लिफाफे. वापरलेले पडदे सगळं जग कचऱ्यात टाकतं. आणि प्रत्येक पडद्याच्या कडेला तू कात्रीने एक बारीक खाच केली होतीस, ठोकळ्यात असताना वरची बाजू कोणती हे कळावं म्हणून. असं करायला कोणी सांगितलं होतं? मी तर नाही.

मी उगाच एक भिंगाखाली घातला. मग दुसरा. दहाव्यानंतर सगळी चवडच पुढे ओढली. खाच वर धरली की प्रत्येक पडद्यावर त्याच जागी, घड्याळात दहा वाजतात त्या ठिकाणी, तीन बारीक जखमा. तीन टिंबांचा त्रिकोण. आपली सही मी ओळखतो.

माणसाचा हात जड असता तर पडदा कधी इथे फाटला असता, कधी तिथे. त्रेसष्ट वेळा एकाच जागी फाडायला हात नाही, स्टील लागतं.

त्या दिवशी मी घरी चालत गेलो. दुसऱ्या दिवशी नवी चकती केली, कोरी. शनिवारी सगळे गेल्यावर लांब्याला थांबवलं आणि तुझी वही समोर उघडून तुझ्या कृतीने, तुझ्या मापाने, एकही आकडा न बदलता घाणा काढला. सिरिंज मी स्वतः दाबली. लांब्या फेऱ्या मोजत होता, चौदाव्या फेरीला त्याला जांभई आली आणि मी त्याला पहिल्यापासून मोजायला लावलं, म्हणजे खरं तर पस्तीस फेऱ्या झाल्या. ते सगळं टाकून पुन्हा काढला, नीट एकवीस. मग लेझरच्या यंत्रापुढे दोघं उभे राहिलो. एक डोंगर आला. टोकदार. एकशे आठ नॅनोमीटर. तुझ्या वहीत पहिल्या पानावर तू लिहिलं आहेस, अपेक्षित माप शंभर ते एकशे दहा.

लांब्या म्हणाला, "काका, हे तर तिचंच आहे."

मी म्हटलं, "तिचंच आहे. चल, दिवे बंद कर."

तेव्हा बोलायला हवं होतं. तीन आठवडे बोललो नाही. रोज सकाळी ठरवायचो, बाईंकडे जायचं, आणि रोज लेथला काहीतरी काम निघायचं. चौदा तारखेचं पत्र मी हे सगळं माहीत असताना लिहिलं आहे. कड्या मोजल्या, झडपा मोजल्या, आणि अकराचा आकडा किरकोळ या शब्दाखाली सारून दिला. तू तो बरोबर उचकटून काढलास. सोमवारी तुझं पत्र वाचलं तेव्हा आधी राग आला, मग हसू आलं. घरातल्यांचे कान मोजणारी मुलगी मामाचा शब्द न मोजता सोडेल, असं मला वाटलंच कसं.

पत्र खिशात घालून तसाच बाईंकडे गेलो. लिफाफे, भिंग, जुनी चकती, सगळं टेबलावर मांडलं आणि सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. नव्या चष्म्यातून आधी वरून बघितलं, मग खालून.

मग म्हणाल्या, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"तीन आठवडे झाले."

"आणि तिला?"

"तिला अजून नाही. ती विचारते आहे."

बराच वेळ त्या एकेक पडदा भिंगाखाली घालत राहिल्या. वीसेक बघितल्यावर म्हणाल्या, "मीही विचारायला हवं होतं. तुम्ही म्हणालात तपासलाय, मी मान डोलावली. तुमच्या शब्दावर इतकी वर्षं माझं काम चाललं आहे." हे त्या रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. साधेपणाने म्हणाल्या.

त्यांनी उपकरणांची नोंदवही पुढे केली. मी लिहिलं: ठोकळा क्रमांक दोन, आतील चकतीवर तपासणीनंतर बनवणाऱ्याने केलेली खूण, उंचवटा अकरा मायक्रॉन, त्यामुळे त्रेसष्ट प्रयोग बाद. दोष बनवणाऱ्याचा. प्रयोग करणारीची हाताळणी निर्दोष. खाली सही, तारीख. मग बाईंनी बैठकीच्या सगळ्या लोकांना बोलावून ते मोठ्याने वाचायला लावलं, मलाच. वाचलं. भांडारवाले काका म्हणाले, "अक्षर मात्र सुंदर आहे तुमचं." त्यावर सगळे हसले, मीही.

तुला खरं सांगतो, त्या रात्री जशी झोप लागली तशी वर्षभरात लागली नव्हती. आजही मी खुशीत आहे. माणूस चुकल्यावर इतका खुशीत असावा का, ते माहीत नाही, पण आहे. घाणा चांगला निघतो आहे. लांब्या शीळ घालतो. तुझ्या वहीतली कृती आता भिंतीवर लावली आहे, तुझ्याच अक्षरात, आणि पुढच्या महिन्यात हेच गोळे उंदरांना द्यायचे आहेत. ते काम तू करावंस असं बाईंना वाटतं. मला तर वाटतंच. पण तू यावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. तू विचारलंस म्हणून लिहिलं आहे. रंगांच्या पट्ट्यांत जीव रमला असेल तर तिथेच राहा, आणि हात हलका आहे हे माहीत असून राहा. सही करायची झाली तर मात्र तीसला पाच वाजायच्या आत. बाईंचं कार्यालय पाचला बंद होतं, आणि त्यांचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे, हे मी तपासलं आहे.

अजून एक गोष्ट राहिली. ती मी तुला सांगणार नव्हतो. पण मामीला सांगितली, म्हणजे आज ना उद्या ती ताईला कळणार, आणि ताईकडून तुझ्यापर्यंत येईतो आकडा दुप्पट झालेला असेल. चुकीचा आकडा तुझ्या कानावर गेलेला मला चालणार नाही.

गेल्या शुक्रवारी उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीची दोन माणसं आली. एक बोलणारे गृहस्थ, एक कागद सांभाळणाऱ्या बाई. लांब्याच्या ओळखीतून त्यांनी नव्या घाण्याचे आकडे पाहिले होते. ठोकळा उघडून बघितला, बंद केला, पुन्हा उघडला. गृहस्थ म्हणाले, "हा तुम्ही हाताने केला?" मी म्हटलं, "पायाने लेथ चालवतो, हाताने करतो." त्यांना ठोकळ्याची रचना विकत हवी होती. संस्थेचा वाटा वेगळा, माझा वेगळा. मंगळवारी, म्हणजे काल, करार घेऊन परत आले.

मी करार सगळा वाचला. सगळा वाचणारा माणूस त्यांना बहुधा भेटत नसावा, कारण गृहस्थ दोनदा घड्याळाकडे बघून झाले. सहाव्या पानावर एक वाक्य होतं. ठोकळ्याच्या बनावटीत कधीही दोष नव्हता, आणि यापूर्वीचे अयशस्वी प्रयोग हे प्रयोग करणाऱ्या व्यक्तीच्या हाताळणीतील चुकांमुळे झाले, असं मी जाहीर करतो.

मी म्हटलं, "एवढं वाक्य काढा."

गृहस्थ म्हणाले, "ते काढता येणार नाही. वस्तू बाजारात आणायची तर तिचा इतिहास स्वच्छ लागतो."

"दोष होता, सापडला, काढला, नोंदवहीत लिहिला. याहून स्वच्छ कसा असतो?"

"अहो, त्यात कोणाचं नावही नाही. कोण व्यक्ती, हे कोणाला कळणार आहे?"

"त्या व्यक्तीला कळेल," मी म्हटलं. "ती सगळं वाचते."

कागदवाल्या बाई तेवढ्या हसल्या. गृहस्थांनी मग खुर्ची पुढे ओढली आणि शेवटचं सांगितलं. लांब्याकडून त्यांना माझ्या खुणेचं कळलं होतं. दोन घोट पाणी पिऊन मी करार त्यांच्याकडे सरकवला आणि चहा घेणार का विचारलं. त्यांनी चहा घेतला, चांगला होता म्हणाले, आणि गेले.

मामीने आकडा ऐकला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. "आणि पोरगी परत आली नाही तर?" म्हणाली. मी म्हटलं, आली नाही तरी हात तिचाच होता. झोपताना तिने माझ्या चष्म्याची काच पुसून ठेवली होती, जे ती कधी करत नाही.

तर बरोबर आकडा हा. प्रत्येक ठोकळ्यावर, बाहेरच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल असा, यंत्राने कोरलेला माझा तीन टिंबांचा त्रिकोण, आणि सहीच्या दिवशी एकरकमी एकवीस लाख साठ हजार. नाही म्हटलं.

सगळ्यांसमोर चुकीचं बोललेला,
तुझा मामा